वाळवंटाची धूळ आणि सागराची शेती

इ. स. १८३२च्या जानेवारी महिन्यात, सोळाव्या तारखेस, ‘बीगल’ नावाच्या इंग्रजी गलबताने आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या केप व्हर्द द्वीपसमूहातील प्राया बंदरात नांगर टाकला. हवा धुरकट होती आणि अतिशय बारीक, तपकिरी रंगाची धूळ सर्वत्र पडत होती. गलबतावर चार्ल्स डार्विन नावाचा बावीस वर्षांचा एक सृष्टिशोधक होता. बंदरात शिरण्याच्या आधीच्या सकाळी डोलकाठीच्या टोकावरील वातदर्शक पताकेच्या विरळ कापडाने वाऱ्यातून ही धूळ जणू गाळून घेतलेली त्यास दिसली. त्याने ती झटकून एका लहानशा पुडीत बांधून ठेवली. खलाशांच्या दृष्टीने ही धूळ म्हणजे निव्वळ पीडा होती. तिने डोळे चुरचुरत; नक्षत्रवेधाच्या यंत्रांत शिरून ती त्यांस इजा करी; आणि कधी कधी तर ती इतकी दाट होई, की किनारा न दिसल्यामुळे गलबते जमिनीवर जाऊन आदळल्याची उदाहरणे होती. अशा उपद्रवी वस्तूची पुडी बांधून जपून ठेवण्यासारखे तीत काय होते, हे त्या वेळी फारच थोड्यांना सांगता आले असते.

डार्विनने आपली पुडी, व आपले मित्र भूगर्भवेत्ते लायेल यांजकडून मिळालेल्या आणखी चार पुड्या, बर्लिनचे प्राध्यापक एरेनबर्ग यांजकडे धाडल्या. सूक्ष्मदर्शक यंत्रातून दिसणाऱ्या जीवसृष्टीचे एरेनबर्ग हे त्या काळचे मोठे जाणते. त्या पाच चिमटीभर पुड्यांत त्यांना सदुसष्ट निरनिराळ्या सजीवांचे अवशेष आढळले आणि दोन सागरी जाती वगळता ते सारे गोड्या पाण्यातील होते! १८४६ साली डार्विनने या धुळीवर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून शेकडो, प्रसंगी हजाराहून अधिक मैल दूर असलेल्या गलबतांवरही ती पडते, हे त्याने जुन्या नोंदी गोळा करून दाखविले. ती आफ्रिकेतूनच येत असली पाहिजे, असा वाऱ्याच्या दिशेवरून त्याचा तर्क होता. एरेनबर्ग यांना मात्र धुळीत खास आफ्रिकेची अशी एकही जात ओळखता आली नाही; उलट, त्यांच्या माहितीप्रमाणे केवळ दक्षिण अमेरिकेत राहणाऱ्या दोन जाती तीत सापडल्या. त्यामुळे धूळ येते कोठून, या प्रश्नावर पुढे बराच काळ वाद चालू राहिला. परंतु तीच धूळ समुद्रात पडल्यावर तेथे काय करते, हा प्रश्न त्या वादात कोणी विचारला नाही. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हाती येण्यास जवळजवळ दीडशे वर्षे लागली.

उत्तर मिळण्यापूर्वी समुद्रातील शेतीची ओळख पटणे अवश्य होते. १८८७ मध्ये जर्मनीतील कील विद्यापीठाचे प्राध्यापक व्हिक्टर हेन्सेन यांनी पाण्याबरोबर वाहत जाणाऱ्या सूक्ष्म जीवांना ‘प्लँक्टन’ हे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘भटकणारा’ असा आहे. मराठीत त्यांस प्लवक म्हणतात. त्यांतील वनस्पती-प्लवक सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करतात. त्यांवर प्राणी-प्लवक जगतात, त्यांवर लहान मासे, लहान माशांवर मोठे. पृथ्वीवरील एकूण प्रकाशसंश्लेषणापैकी सुमारे निम्मे काम या अदृश्यप्राय वनस्पतींच्या वाट्याचे आहे. १८८९ साली हेन्सेन ‘नॅशनल’ नावाच्या जहाजातून अटलांटिक महासागरात या जीवांची मोजदाद करण्यास निघाले. उष्ण प्रदेशात जमिनीवर जसे रान माजते, तसेच तेथील समुद्रही जीवांनी भरलेले असतील, अशी सर्वसाधारण कल्पना होती. प्रत्यक्षात उलटेच आढळले. उत्तरेकडील थंड, गढूळ समुद्र समृद्ध होते, आणि उष्ण कटिबंधातील निळेशार, नितळ पाणी बहुतांशी ओसाड होते.

या ओसाडपणाचे कारण कीलमधीलच कार्ल ब्रांट यांनी शेतीशास्त्राच्या आधारे शोधले. पिकाची वाढ सर्वांत कमी असलेल्या पोषकद्रव्यावर अवलंबून असते, हा लीबिग यांनी प्रसिद्धीस आणलेला नियम त्यांनी समुद्रास लावला. घरात तांदूळ, डाळ व तूप मुबलक असूनही मीठच नसेल तर पंगतीचा स्वयंपाक व्हावा कसा? त्याचप्रमाणे नत्र किंवा स्फुरद संपले म्हणजे सूर्यप्रकाश कितीही असला तरी प्लवकांची वाढ खुंटते. हा विचार बऱ्याच समुद्रांना चपखल लागू पडला. परंतु तीन ठिकाणी तो फसला. उत्तर प्रशांत महासागराचा अलास्काकडील भाग, विषुववृत्तीय प्रशांत महासागर, आणि अंटार्क्टिकाच्या भोवतालचा अफाट दक्षिण महासागर, येथे नत्र होते, स्फुरद होते, आणि उन्हाळा संपत आला तरी ते पाण्यात तसेच शिल्लक राहत होते. शेतात खत पडलेले आहे, पाणी आहे, ऊन आहे, आणि पीक मात्र विरळ! नॉर्वेचे वनस्पतिशास्त्रज्ञ ग्रान यांनी १९३१ साली, व दक्षिण महासागरात काम केलेले इंग्रज संशोधक हार्ट यांनी १९३४ साली, येथे उणीव लोहाची असावी, असे सुचविले. हरितद्रव्य बनविण्यास आणि नत्र पचविण्यास वनस्पतीला लोह लागते. परंतु प्राणवायू असलेल्या समुद्राच्या पाण्यात लोह विरघळून राहत नाही. त्याचा गंज बनतो व तो तळाशी जातो. किनाऱ्याजवळ नद्या व तळचा गाळ लोहाचा पुरवठा करतात. भर समुद्रात तो कोण करणार?

सूचना मार्मिक होती, परंतु ती सिद्ध करणे अर्धशतकभर कोणास साधले नाही. त्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. समुद्रातील लोह मोजावयास निघालेले जहाज लोखंडाचे. पाण्याचा नमुना घेणारे भांडे लोखंडी तारेस बांधलेले. प्रयोगशाळेच्या हवेत उडणाऱ्या धुळीतही लोहच. नमुना वर येईपर्यंत तो जहाजाच्या गंजाने भ्रष्ट झालेला असे. मोजणारा समुद्राचे लोह मोजीत नसून आपल्याच जहाजाचे मोजीत असे, आणि म्हणून समुद्रात लोह भरपूर आहे, अशी समजूत कायम राहिली. अत्यल्प द्रव्ये मोजण्यासाठी सोवळ्याहून कडक स्वच्छता लागते, हा धडा क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने शिसे मोजताना घालून दिला. तो समुद्रातील लोहास लावण्याचे श्रेय जॉन मार्टिन यांजकडे जाते.

मार्टिन हे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील मॉस लँडिंग येथील सागरी प्रयोगशाळेचे संचालक होते. तरुणपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांस चालणे कष्टाचे होते. पण विचाराने व बोलण्याने ते मोठे धीट होते. प्लास्टिकची विशेष भांडी, धातूचा स्पर्श नसलेल्या दोऱ्या, गाळलेल्या हवेच्या खोल्या, अशा साधनांनी त्यांच्या मंडळींनी अलास्काच्या आखातात नमुने घेतले. भर समुद्राच्या पृष्ठभागावर एक ग्रॅम लोह मिळविण्यास अठरा हजार घनमीटरांहूनही अधिक पाणी आटवावे लागेल, इतके ते विरळ असल्याचे दिसून आले. १९८८ साली मार्टिन व त्यांचे सहकारी फिट्झवॉटर यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाटलीत भरलेल्या त्या पाण्यात अगदी कणभर लोह घालताच वनस्पती-प्लवक जोमाने वाढले. न घातलेल्या बाटलीत वाढ रेंगाळली.

येथे डार्विनच्या पुडीतील धूळ पुन्हा रंगभूमीवर आली. भर समुद्रास लोहाचा पुरवठा करणारा दाता आकाशात होता. वाळवंटाच्या धुळीत वजनाने शेकडा तीन-चार भाग लोह असते. ज्या समुद्रांवर धूळ क्वचितच पडते, तेच समुद्र खत असून नापीक, हा मेळ मार्टिन यांच्या नजरेत भरला. त्याच सुमारास अंटार्क्टिकावरील व्होस्टोक या सोव्हिएट ठाण्यावर खणून काढलेल्या बर्फाच्या स्तंभाची माहिती प्रसिद्ध झाली होती. एक लक्ष साठ हजार वर्षांचे थर त्यात एकावर एक रचलेले होते. त्यांत असे दिसले, की हिमयुगांत बर्फावर धूळ कितीतरी पट अधिक पडत असे, आणि नेमक्या त्याच काळात हवेतील कर्बाम्लवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, दहा लक्षांत सुमारे २८० भागांवरून २०० भागांच्या आसपास व त्याहूनही खाली उतरलेला असे. मार्टिन यांनी दोन्ही टोके जुळविली. हिमयुगात जमीन कोरडी, वारे प्रबळ. त्यामुळे दक्षिण महासागरावर लोहयुक्त धूळ पडली. प्लवकांचे पीक माजले. त्या पिकाने हवेतील कर्ब ओढून घेतला व मेल्यावर तो खोल समुद्रात नेला. १९९० मध्ये हा सिद्धांत त्यांनी सविस्तर मांडला. लोहाच्या एका अणूमागे कर्बाचे सुमारे एक लक्ष अणू बांधले जातात, असा त्यांचा हिशेब होता. अर्धे तेलवाहू जहाज भरून लोह मिळाले तर आपण हिमयुग आणून दाखवू, असे ते एका व्याख्यानात विनोदाने बोलून गेले. श्रोते हसले, पण ते वाक्य जगभर गेले.

विरोधकांचा आक्षेप निराधार नव्हता. बाटली म्हणजे समुद्र नव्हे, असे ते म्हणत. खऱ्या समुद्रात पीक उगवताच ते फस्त करणारे प्राणी टपलेले असतात. दक्षिणेकडे प्रकाशही अपुरा. तेव्हा प्रत्यक्ष समुद्रावरच प्रयोग करणे भाग होते. त्याची तयारी चालू असतानाच, १९९३च्या जून महिन्यात मार्टिन कर्करोगाने निवर्तले. त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गालापागोस बेटांच्या दक्षिणेस सुमारे चौसष्ट चौरस किलोमीटर समुद्रावर विरघळलेल्या लोहाचे सिंचन केले. हरितद्रव्य जवळजवळ तिप्पट झाले; परंतु थोड्याच दिवसांत तो पट्टा हलक्या पाण्याखाली सरकला. १९९५ साली पुन्हा, आणि या वेळी थोडेथोडे तीन हप्त्यांनी लोह दिले, तेव्हा निळे पाणी हिरवे झाले आणि हरितद्रव्य वीसपटीहून अधिक वाढले. एवढ्या कायापालटास लागलेले लोह अर्ध्या टनाच्याही आतले होते. १९९९ मध्ये दक्षिण महासागरातील प्रयोगात उगवलेली हिरवळ महिन्याहून अधिक काळ टिकली व कृत्रिम उपग्रहाच्या छायाचित्रात वळणदार फितीसारखी उमटली. ग्रान व हार्ट यांनी दिलेली सूचना अशा रीतीने खरी ठरली.

धुळीच्या मूळ प्रश्नाचेही दरम्यान उत्तर मिळाले होते. अटलांटिकवरील धूळ आफ्रिकेचीच. उपग्रहांच्या मोजणीवरून असे दिसते, की दरवर्षी सरासरी अठरा कोटी टन धूळ सहाराच्या पश्चिम कडेवरून समुद्राकडे निघते. तिचे सर्वांत मोठे उगमस्थान चाड देशातील बोदेले हा सखल प्रदेश होय. तिबेस्ती व एनेदी या डोंगरांमधील खिंडीतून सुटणारा वारा तेथील भुसभुशीत पांढरी माती उधळतो. ती माती म्हणजे एका प्राचीन विशाल सरोवराचा आटलेला तळ असून, त्या गोड्या पाण्यात एके काळी वाढलेल्या करंडक वनस्पतींच्या, म्हणजे डायाटमच्या, सिलिकामय पेट्या तीत खच्चून भरलेल्या आहेत. एरेनबर्ग यांना गोड्या पाण्यातील जीवांचे अवशेष का सापडले, याचा असा उलगडा होतो. हजारो वर्षांपूर्वी वाळलेल्या तळ्याचे प्लवक आज वाऱ्यावर बसून जिवंत समुद्राच्या प्लवकांना खत पुरवितात. त्यातील लोहाचा अगदी लहानसा अंशच पाण्यात विरघळतो, तरी तो पुरेसा ठरतो. अटलांटिकच्या उष्ण भागात हवेतील नत्र स्थिर करणारे काही सूक्ष्म जीव आहेत; त्यांस लोह व स्फुरद ही दोन्ही धुळीतून मिळतात. म्हणजे जमिनीवर जे काम भुईमूग-हरभऱ्याच्या मुळांवरील गाठी करतात, ते काम समुद्रात धुळीच्या आधाराने चालते.

मनुष्यास एखाद्या गोष्टीचे कारण समजले, की ती आपल्या हुकमतीत आली असे त्यास वाटू लागते. कोळशाच्या व तेलाच्या धुराने हवेत साचत चाललेला कर्बाम्लवायू समुद्रात लोह टाकून स्वस्तात बुडवावा, अशा योजना निघू लागल्या. याची खरी कसोटी ज्या प्रयोगाने पाहिली, त्यात गोव्याचा मोठा वाटा होता. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था व जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी मिळून २००९ मध्ये ‘लोहाफेक्स’ ही मोहीम काढली. नावातील ‘लोहा’ हा हिंदी शब्द लोहाचाच वाचक आहे. वाजिह नक्वी व व्हिक्टर स्मेटासेक हे तिचे प्रमुख होते. ‘पोलारस्टर्न’, म्हणजे ध्रुवतारा, हे जहाज जानेवारीत केपटाऊनहून निघाले, तोच पर्यावरणवाद्यांनी हरकत घेतली आणि जर्मनीतच सरकारी खात्यांत मतभेद झाला. तज्ज्ञांकडून छाननी झाल्यावर महिनाअखेरीस परवानगी मिळाली. दक्षिण अटलांटिकमधील एका प्रचंड भोवऱ्याच्या पोटात सुमारे तीनशे चौरस किलोमीटर समुद्रास लोह देण्यात आले, आणि पुढे कित्येक आठवडे त्या पाण्याचा पाठपुरावा झाला.

पहिल्या पंधरवड्यात प्लवक दुप्पट झाले. पुढे वाढ थांबली. पाण्यात लोह होते, नत्र होते. नव्हती ती सिलिका. त्या भागात आधीच नैसर्गिक रीतीने येऊन गेलेल्या करंडक वनस्पतींनी ती वापरून टाकली होती आणि सिलिकेवाचून त्यांना आपली पेटी बांधता येत नाही. त्यांच्याऐवजी मऊ अंगाचे प्लवक उगवले. ते जवळ्याहूनही बारीक अशा कोपेपॉड नावाच्या जीवांनी चरून टाकले, आणि त्या कोपेपॉडांवर त्यांहून मोठ्या अँफिपॉडांनी ताव मारला. कर्ब खोल समुद्रात गेला तो नाममात्र. याच स्मेटासेक यांच्या २००४ सालच्या प्रयोगात मात्र सिलिका मुबलक असल्यामुळे करंडक वनस्पतींचे पीक आले होते, आणि त्यातील निम्म्याहून कमी नाही इतका भाग हजार मीटरांखाली बुडाला होता. एकच खत, एकच महासागर, परंतु दोन ठिकाणी दोन फळे! मार्टिन यांच्या विरोधकांनी ज्या चरणाऱ्या प्राण्यांचा इशारा दिला होता, त्यांनीही येथे आपला हक्क बजावला.

गोव्याच्याच संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०१० साली घराजवळच्या अरबी समुद्राविषयीही असाच विचारात पाडणारा निष्कर्ष प्रसिद्ध केला. या समुद्रास वाळवंटांचा वेढा आहे, व नैर्ऋत्य मोसमाच्या दिवसांत त्यावर धुळीचे लोट येतात. तेथे लोहाची टंचाई असेल, असे कोणासही वाटले नसते. तथापि ओमानच्या किनाऱ्यापलीकडे, मोसमाच्या उत्तरार्धात, तळातून वर आलेले नत्र न वापरता शिल्लक राहिलेले आढळले, आणि त्याचे कारण लोहाची कमतरता असावे, असे त्यांनी दाखवून दिले. धूळ डोक्यावरून जाते म्हणजे ती पानात पडतेच असे नव्हे. आणि पडली तरी वर उफाळणाऱ्या नत्राच्या मानाने ती पुरेलच, असेही नव्हे.

व्यापारी उत्साहास मात्र असा धीर नसतो. २०१२ साली कॅनडाच्या पश्चिमेस एका खासगी मोहिमेने सुमारे शंभर टन लोहयुक्त द्रव्य समुद्रात ओतले, तेव्हा जगभर खळबळ उडाली. समुद्रात टाकाऊ द्रव्ये टाकण्याविषयीच्या लंडन कराराच्या सभासद राष्ट्रांनी शास्त्रीय संशोधनाखेरीज असे सिंचन करू नये, असा ठराव २००८ मध्येच केला होता. २०१३ मध्ये त्यास अधिक बंधनकारक रूप देणारी दुरुस्ती संमत झाली. त्यामागील भीती समजण्यासारखी आहे. एका ठिकाणी जबरीने पीक काढले, तर तेथील नत्र व स्फुरद खर्ची पडून प्रवाहाच्या पुढच्या समुद्रांतील शेती उपाशी राहू शकते; बुडालेले पीक खाली कुजताना तेथील प्राणवायू संपवू शकते; आणि हे घडलेले कळेपर्यंत ते परत फिरविण्याची वेळ निघून गेलेली असते. हिमयुगाच्या बाबतीतही सागरतळाच्या गाळाने मार्टिन यांची साक्ष दिली आहे, पण मर्यादेने: धूळ व प्लवक यांनी कर्बाम्लवायूच्या घटीचा काही भाग घडवून आणला, सर्व नव्हे. आणि तो भाग घडण्यासही निसर्गाला हजारो वर्षे धूळ उधळावी लागली.

एरेनबर्ग यांचा संग्रह आजही बर्लिनच्या सृष्टिविज्ञान संग्रहालयात आहे. त्यातील जुन्या पुड्या शास्त्रज्ञांनी नव्या यंत्रांनी तपासल्या आणि २००७ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १८३८ साली अटलांटिकवर गोळा केलेली धूळ पश्चिम सहारातील असल्याचे तीतील द्रव्यांवरून निश्चित झाले. डार्विनच्या तर्कावर अशी उशिराने मोहर उमटली. त्याहून नवलाची गोष्ट अशी, की एवढ्या वर्षांच्या कोरड्या बंदिवासानंतरही त्या धुळीत कित्येक सूक्ष्म जीव जिवंत निघाले. डोळ्यांना बोचणारी म्हणून ज्या धुळीवर खलाशी चिडत, ती समुद्राचे खत ठरली, हिमयुगाची साक्षीदार ठरली, आणि तिच्यात अद्यापि प्राणही आहे. त्या पुड्या ज्यांनी जपल्या, त्यांस पुढे तीत काय सापडेल याची कल्पना नव्हती. त्यांनी त्या फेकल्या नाहीत, एवढेच. समुद्रावर लोहाची गोणी रिकामी करण्यास निघालेल्यांनी थोडे थांबून शिकावे, असे काही असेल तर ते हेच.